पिंपळगल्लीचा कल

१ फेब्रुवारी १९९६, इंदापूर
घात झाला! राज्यशास्त्राच्या सरांनी प्रकल्प दिलाय — आपापल्या गल्लीचा राजकीय कल तपासा. घरोघर हिंडायचं! आमच्या वॉर्डाची पोटनिवडणूक अठराला. छत्रीवर आप्पासाहेब, कपबशीवर पंक्चरवाला बिरदेव.
आमचे तात्या आप्पासाहेबांचे गल्लीतले कार्यकर्ते; त्यांना सांगितलं तर हसलेच. "कशाला चपला झिजवतीस? पिंपळगल्ली म्हंजी आप्पासाहेब! वीस वर्सं मी सांगीन तितंच शिक्का पडतोय."

४ फेब्रुवारी
अकरा घरं. अकराही छत्री.
धोंडीबा शिंप्यांनी मान वर केली नाही. "छत्रीच की! दुसरं काय हाय?"
द्वारकाकाकूंनी आधी चहा दिला. मग हळूच — "तात्यांनी धाडलंय व्हय तुला?" म्हटलं, कॉलेजनं. थोडा विचार केला. "तरी छत्रीच लिव."
भाजीवाल्या ठमाबाईंचं सगळ्यात भारी! "तुला बरं वाटंल ते लिव, बाय."

७ फेब्रुवारी
एकूण एक्केचाळीस घरं. छत्री चाळीस! फक्त पेन्शनर मानसिंगकाका "मत गुप्त असतं" म्हणाले आणि दार लावून घेतलं.
"त्यो कपबशी," तात्या लगेच म्हणाले.

८ फेब्रुवारी
तात्यांनी माझी वही न विचारता आप्पासाहेबांना नेऊन दाखवली! मी भांडले तर म्हणाले, "अगं, खूश झाले ते. आपल्या गल्लीतली सभाच रद्द केली. चाळीस घरं खिशात असल्यावर सभा कशाला?"

११ फेब्रुवारी
गल्लीच्या तोंडाशी महिनाभर गटाराचे पाइप पडून होते. आज आप्पासाहेबांचा ट्रॅक्टर आला आणि उचलून पलीकडच्या गल्लीत घेऊन गेला!
ड्रायव्हरला विचारलं. "हितली मतं पक्की हायेत म्हनं. तिकडं जरा डळमळीत हाय."
माझ्या वहीमुळं! द्वारकाकाकू दारातलं गटार काठीनं मोकळं करत होत्या. माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा काठी घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
आईला सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, "मग? वास तर आपल्याच न्हाणीत येतोय."

१८ फेब्रुवारी
माझं पहिलं मत! शिक्का कुठं मारला ते इथंसुद्धा लिहिणार नाही.

१९ फेब्रुवारी
बिरदेव निवडून आला. आमच्या गल्लीच्या केंद्रावर कपबशी एकशे बासष्ट, छत्री एकतीस. एकतीस!!
आप्पासाहेब चारचौघांत तात्यांना म्हणाले, "गल्ली विकलीस तू." तात्या घरी आले ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. जेवले नाहीत. हसू येत होतं ते कुठल्या कुठं गेलं.

२१ फेब्रुवारी
तात्या अजून घराबाहेर पडत नाहीत. मी पुन्हा सगळी गल्ली हिंडले, वहीशिवाय. खरं सांगा म्हटलं. अजूनही सगळे छत्रीच म्हणतात! धोंडीबांनी तर शिलाईच्या मशीनवर हात ठेवून शपथ घेतली.
शेवटी ठमाबाईंनी जवळ बसवलं. "तुझा बाप आमच्या दवाखान्याला धावतोय, मयतीला धावतोय. त्येच्या पोरीला तोंडावर न्हाय कसं म्हनायचं? पर ते गटार रोज आमच्या घरात शिरतंय, पोरी."
तात्यांना जसंच्या तसं सांगितलं. भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवलं. मग उठून बसले. "म्हंजी मला मानतात की!"
दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२६ फेब्रुवारी
सरांचा शेरा — "निष्कर्ष साफ चुकीचा. विद्यार्थिनी प्रामाणिक." पन्नासपैकी एकोणतीस.

४ नोव्हेंबर
नगरपालिकेची मोठी निवडणूक लागली. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव. आज आप्पासाहेब स्वतः दारात! आठ-नऊ महिने ओळख दाखवली नव्हती. सूनबाई उभ्या राहतायत, राजेश्वरीबाई. "तात्या, तुमच्याबिगर जमायचं न्हाय." तात्या लगेच विरघळले. अजून तुंबलेल्या गटाराचं विचारा, म्हणून मी आतून खुणावत होते. बघितलंच नाही. गेल्यावर म्हणाले, "असलं काय पहिल्याच भेटीत विचारायचं असतं व्हय?"
मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आई म्हणाली, "भांडी आपटून काय हुतंय? तुला एकवीस पुरी झाली का न्हाईत?"
मागच्याच महिन्यात झाली. निवडणुकीला उभं राहायला तेवढीच लागतात.

११ नोव्हेंबर
फॉर्म भरला. अपक्ष. सूचक म्हणून आईची सही. तात्या सकाळपासून राजेश्वरीबाईंच्या प्रचाराला गेलेत. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.