दुसरा पाहणारा

१७ ऑगस्ट १९७८, दिघोरी
आलो बुवा एकदाचा. शाळेत नोकरी लागली आणि मारोतरावांच्या घरची मागची खोलीही मिळाली. खिडकी नाही, पण मला अंधारच हवा होता. परदेशातल्या यंत्रात कणांची टक्कर होते, तिचे फोटो फिल्मवर उतरतात. ती रिळं टेबलावर उजेड पाडून मी तपासतो. प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क असतात, त्याहून बारीक कण; असे चार-पाच क्वार्क एकत्र बांधलेला कण अजून कोणाला धड सापडलेला नाही. मला सापडला की डॉक्टरेट पक्की. मारोतरावांच्या गिरजाबाईंनी वांग्याची भाजी झकास केली होती.

२ सप्टेंबर
वीज येते, जाते. डोळे नुसते चुरचुरतात. पण आज सापडला. एक रेघ येते, मध्येच संपते. थोडी जागा कोरी. मग तिथून दोन रेघा फुटून लांब जातात. नागपूरला माझ्या डॉक्टरेटच्या सरांना लगेच कळवलं.

१४ सप्टेंबर
सर म्हणतात, दुसऱ्या माणसानं तेच रीळ स्वतंत्रपणे तपासून तेच टिपलं पाहिजे, नाहीतर शोध खरा धरत नाहीत. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर रिळं परत. वा रे वा. दिघोरीत दुसरा पाहणारा आणू कुठून? मारोतरावांना टेबलाशी बसवलं, तर म्हणाले, मले तं नुसते केस दिसून राहिले. डोकंच फिरलं माझं. वाटलं, आपणच दोन असतो तर कटकट मिटली असती.

२१ सप्टेंबर
धानाच्या बांधावर चिखलात माझ्या चपलांचे ठसे. येतात, मध्येच संपतात. हातभर चिखल कोरा. मग दोन रांगा, एकमेकींपासून लांब जाणाऱ्या. दोन्ही माझ्याच चपलांच्या. कोणाचा तरी चावटपणा. संताप आला.

२३ सप्टेंबर
गिरजाबाईंनी ताट वाढलं नाही. म्हणाल्या, तुमी तं आत्ताच जेवून गेले. मी तर दिवसभर शाळेत —
त्या हसल्या. मला भीती वाटते आहे.

२४
टेबलाचा दिवा चालू. मी लावला नव्हता. खुर्ची गरम. रीळ नेमकं त्याच फोटोवर —
म्हणजे त्यानं पाहिलं. स्वतंत्रपणे.

२६
बाहेरून कडी. रिळं नाहीत. ओरडलो. गिरजाबाई दारापलीकडून म्हणतात, गुरुजी सकाळच्याच मोटारीनं नागपूरले गेले, खुशीत होते. सांगून गेले, आतून आवाज आला तं उघडू नका —
मीच गुरुजी, म्हटलं. मारोतराव म्हणतात, मग नाव सांगा.
आठवत नाही. लिहायला घेतलं की हाताला येईल. माझं नाव —