देअरफोरच्या पुढे

३ जून, सोमवार
आजपासून इंग्रजी. कोण आडवा येतो तेच बघतो.
असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी झाली आहे. बाटल्यांच्या झाकणांच्या या कारखान्यात क्वालिटी बघता बघता माझे केस गेले. झाकण नुसतं हातात फिरवून सांगतो, गळणार की नाही. आणि मोठे साहेब म्हणतात, परदेशी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलता आलं पाहिजे. पर्चेसच्या मॅडमचाही म्हणे विचार चालू आहे. तिला झाकण कुठल्या बाजूला फिरतं हे तरी ठाऊक आहे का?
माझं इंग्रजी उत्तम आहे. आत आहे. बाहेर येताना अडकतं, एवढंच. जेवताना हे सांगितलं तर मुलगी हसली. हिला कॉलेजात घातली तिथेच चुकलं.

४ जून
मुलीनेच मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यातला मास्तर म्हणतो, माणूस शब्दांपाशी अडत नाही, सांध्यांपाशी अडतो. वाक्यं जोडणारे लिंकिंग वर्ड्स तोंडात बसवा, बोलणं धो धो वाहतं. मोरओव्हर म्हणजे शिवाय. हाउएव्हर म्हणजे तरीसुद्धा. देअरफोर म्हणजे म्हणून.
एवढ्यावर लोक साहेब झालेत? संताप आला.
संकल्प: रोज सकाळी दाढी करताना आरशासमोर सराव. वेळ वाया जात नाही.

५ जून
मोरओव्हरला गाल कापला. ब्लेड बायको आणते. स्वस्तातलं.

६ जून, गुरुवार
गिऱ्हाइकाचा फोन. साहेबांनी मला आणि मॅडमला मुद्दाम समोर बसवलं. फर्स्टली म्हणालो, सेकंडली म्हणालो, हाउएव्हर म्हणालो. ऑन द अदर हॅन्डपर्यंत कुठेही अडलो नाही. पलीकडचा गृहस्थ गप्प. भारावला असणार. मग त्याने विचारलं, माल निघणार कधी? मी ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड म्हणतोय तोवर मॅडम मध्येच ट्यूज्डे म्हणाली. एक शब्द! याला संभाषण म्हणतात?
नंतर साहेब म्हणतात कसे, अहो, जोड सगळे आले, जोडायचं सामान कुठाय?
सामानाचं नंतर बघू. आधी रूळ टाकतात, मग गाडी. एवढी अक्कल नाही आणि म्हणे मोठे साहेब.

९ जून, रविवार
घरात सरावाला वातावरणच नाही. बायको म्हणाली, बाथरूमचा नळ गळतोय. मी तिला इंग्रजीतून, मुद्देसूद, दोन्ही बाजू मांडून उत्तर द्यायला घेतलं. मी क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत तिने प्लंबर बोलावून नळ बदलूनही घेतला. वर म्हणते, झाकणवाल्याच्या घरात गळती बरी दिसत नाही.
आगाऊपणा नुसता. जेवलो नाही. मग जेवलो.

११ जून
मोठा शोध लागला! रागात माझं इंग्रजी अडत नाही.
गेटवरच्या वॉचमनने स्कूटर बाहेर लावायला सांगितली. मलाच! इंग्रजीतून असा झाडला की काय सांगू. एकदाही अडखळलो नाही. त्याला काही कळलं नाही, ते त्याचं नशीब.
संकल्प: यापुढे इंग्रजी बोलण्याआधी थोडं चिडून घ्यायचं. मला त्यासाठी लांब जावं लागत नाही.

१३ जून, गुरुवार, दुपारी
जागा मॅडमला दिली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. चिडायला मुद्दाम कष्ट पडले नाहीत.
उभा राहिलो आणि सुरू झालो. फर्स्टली, मी या कारखान्यासाठी हाडांची काडं केली. मोरओव्हर, तुमची झाकणं गळत नाहीत ती माझ्या या हातांमुळे. हाउएव्हर, तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढून बसलात. सगळं इंग्रजीतून! सांधे जागच्या जागी आणि मधलं सामानही भरगच्च. काचेबाहेर माणसं जमली. मॅडमही होती.
मग म्हणालो, देअरफोर.
आणि थांबलो. देअरफोरनंतर काहीतरी भक्कम यावं लागतं. त्याच्या पुढचा सराव मी केलाच नव्हता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एवढं चढवत नेलेलं भाषण अर्ध्यावर सोडलं असतं तर नाक कापलं गेलं असतं.
म्हणालो, आय रिझाइन.
काय बसलं ते वाक्य! साहेब उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला. म्हणाले, आज पहिल्यांदा तुमचं बोलणं शब्दन् शब्द समजलं.
तोंडात मारल्यासारखं झालं सगळ्यांना.

१४ जून, शुक्रवार
राजीनामा मंजूर. सकाळीच ईमेल.
साहेबांना भेटून सांगितलं, ते बोलण्याच्या ओघात आलं, मनात नव्हतं. मराठीतून सांगितलं, तरी दहादा अडखळलो. ते म्हणाले, छे हो, काल इतकं स्वच्छ बोललात, आता कशाला कमीपणा घेता. त्यांनी वरही कळवून टाकलंय.
घरी सांगितलं. मुलगी मोबाइल बंद करून बसली. बायको आदळआपट करेल असं वाटलं होतं, उत्तरंही जुळवून ठेवली होती. ती हळूच एवढंच म्हणाली, मला एका शब्दाने विचारायचं तरी होतंत.
आता तिला काय सांगू? मी मलासुद्धा विचारलं नव्हतं.
तेव्हापासून इथे बसून चिडायचा प्रयत्न करतोय. साहेबांवर, मॅडमवर, त्या मास्तरवर. नुसती भीती वाटतेय. राग येतच नाहीये.