उत्तरेला, दोन ब्रेकांच्या गाडीतून

४ जून

निघालो! खरंच निघालो! शिवणाच्या दुकानाला कुलूप, दारावर कागद — "पंधरा दिवस बंद". एका गिऱ्हाइकाच्या पँटची चेन राहिलीच. राहू दे. आधी नवऱ्याचं स्वप्न, मग चेन.

उत्तरेला जायचं, पार ध्रुवाच्या बाजूला, रस्ता संपेपर्यंत. पुढे समुद्र. एवढंच ह्यांचं म्हणणं, तेही लग्नाआधीपासूनचं. पण दर उन्हाळ्यात काहीतरी आडवं यायचं — सासूबाईंचं खुब्याचं हाड, लेकीची परीक्षा, ह्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचं इंजिन. यंदा डोळे आडवे येत होते. डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या, "उजवा गेल्यात जमा, डावाही धुकट होतोय. सध्या फक्त उजेडात, जपून. पुढच्या वर्षी मात्र गाडी विसरा."

म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. हे म्हणाले, "टोकापर्यंत स्टिअरिंग माझ्याच हातात. एक किलोमीटरसुद्धा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही."

दुसरं आहे कोण गाडीत? मीच! अख्ख्या गावाला गाडी शिकवली, बायको तेवढी कोरी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

५ जून

गाडी स्कूलचीच. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक. तिथे मी. "पाय आखडून बस," म्हणे. किती आखडू? मी काय घडीची खुर्ची आहे?

दुपारी डुलकी लागली आणि झोपेत पाय ताणले. गाडी जागच्या जागी! मागच्या टँकरवाल्याने खिडकीतून डोकं काढून आमच्या दोघांचा उद्धार केला. हे लालबुंद — "इतक्या वर्षांत एकाही शिकाऊने असा ब्रेक मारला नाही!" मी म्हटलं, "मग पहिली आले ना मी!"

मग अबोला. पेट्रोलपंपावर हे उतरले आणि दोघांत एकच आइस्क्रीम घेऊन आले. मोठा वाटा मला दिला. मीही ताणून धरलं नाही.

७ जून

झाडं बुटकी होत चाललीत. माणसं तर दिसतच नाहीत. हे गाडी चालवताना गातात! बेसूर, पण मनापासून. इतक्या वर्षांत घरात कधी गुणगुणले नाहीत हो.

इथे सूर्य मावळायचं नावच घेत नाही. खोलीच्या पडद्याला ही मोठी फट. शेवटी मी जादा चादर टाके घालून पडद्याला जोडली. सुईदोरा पर्समध्ये असतोच. उशीत तोंड खुपसून हे म्हणतात, "अगं, डॉक्टरीणबाईंना कळव. म्हणावं, उजेडातच चालवतोय, इथे दुसरं काही मिळतच नाही!" मी इतकी हसले की शेजारच्यांनी भिंत वाजवली.

८ जून

आज गाडी बोटीवर चढवली आणि पलीकडे रिव्हर्समध्ये उतरवली, एका दमात. खलाशाने टाळ्या वाजवल्या. ह्यांची छाती अशी फुगली की बटणं मलाच शिवावी लागणार!

१० जून

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते.

दुपारी धुकं उतरलं. समोर रस्त्यात रेनडिअरचा कळप, नुसता उभा. मला लांबूनच दिसला. म्हटलं, आता हे ब्रेक मारतील. आता मारतील. गाडी तशीच चाललेली! मी दोन्ही पायांनी माझ्या ब्रेकवर उभीच राहिले.

"परत झोपलीस?" — हे ओरडले.

मी बोट दाखवलं. हे डोळे बारीक करून बघत राहिले. कळपातलं एक हललं, तेव्हा कुठे ह्यांना दिसलं. इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवले. "मला रस्ता रिकामा दिसत होता गं," म्हणाले.

लॉज पुढच्याच वळणावर होतं. तिथवर हे पहिल्या गिअरमध्ये आणि मी खिडकीबाहेर डोकं काढून. जेवले नाहीत. मी बाथरूमचा नळ सोडून रडले. जेमतेम एका दिवसाचा रस्ता उरलाय. माणसाने आयुष्यभर मागितलं तरी काय होतं? एक रस्ता!

११ जून

सकाळी म्हटलं, टोकापर्यंत बस जाते, बसने जाऊ. "बस?" — मी जणू शिवीच दिली. मग म्हटलं, परत फिरू. चहा गार झाला.

मग हे उठले, गाडीपाशी गेले, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून मला हाक मारली. "ये. इकडे बस."

"मी? वेडबीड लागलंय का तुम्हाला!"

"शिकाऊ लायसन्स आहे ना तुझ्याकडे?"

आहे! लग्नाच्या वर्षी शिकायला बसले होते. पहिल्याच दिवशी शेजारणीच्या कुंड्या फोडल्या, हे खेकसले, मी किल्ली गटारात टाकली. शिक्षण समाप्त. पण लायसन्सची मुदत संपली की हे मुकाट्याने नवं काढून आणतात, मी सही करते. लेक म्हणते, आई अजून पहिलीतच.

मी म्हटलं, "आणि एक किलोमीटरसुद्धा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, त्याचं काय?"

"तू काय दुसरी आहेस?"

असं बोलतात आणि मग माणूस भांडणार कसं!

१२ जून

दिवसभर लॉजमागच्या मैदानात. गाडी किती वेळा बंद पडली ते लिहीत नाही. क्लच सोडला की गचका, सोडला की गचका. गंमत म्हणजे हे एकदाही खेकसले नाहीत.

"जीन्सची जाड शिवण मशीनखाली आली की काय करतेस?"

"पाय हलका ठेवते. चाकाला हात लावून सुई सावकाश पार नेते."

"मग इथेही तेच. पार ने."

पाय हलका ठेवला. आणि निघाली की गाडी! अलगद! मी किंचाळले, "अहो, निघाली!" — "निघाली तर निघाली, समोर बघ!" पण आवाजात हसू होतं. परवापासून पहिलं.

लेकीला फोन केला. "आई चालवतेय? बाबांना दे बघू फोन. बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

१३ जून

पोहोचलो!! मी पोहोचवलं!!

बैलगाडीच्या वेगाने, पण पोहोचवलं. मागे ही रांग. जा बाबांनो, तुम्ही पुढे जा! चढावर तळहातांना घाम. ह्यांचे पाय त्यांच्या पेडलवर तयारीत होते, पण एकदाही दाबले नाहीत. मी तिरप्या नजरेने बघत होते. "माझ्या पायांकडे काय बघतेस? रस्ता बघ!"

आणि रस्ता संपला. खरोखर संपतो. एक लोखंडी कठडा, खाली खडक, पुढे नुसता समुद्र. हे उतरले, कठड्याला दोन्ही हात लावून उभे राहिले. वाऱ्याने टोपी उडाली, तरी हलले नाहीत.

"दिसतोय का?" मी विचारलं.

"निळं दिसतंय. खूप निळं." मग रडायला लागले. मीही. भर वाऱ्यात, लोकांसमोर, खुशाल! इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

डोळे पुसून झाल्यावर हे मागे वळले. "गाडी तिरकी लावलीयस."

१४ जून

परत निघालो. वळणं संपून सरळ रस्ता लागला तसे ह्यांनी बूट काढले आणि सीटवर चक्क मांडी घातली. पेडल मोकळे! कपाळ काचेला टेकवून म्हणतात, "अगं, बाजूला केवढं काय काय असतं! धूसर आहे, पण केवढं! इतकी वर्षं हे सगळं तू एकटीच बघत होतीस?"

मला काही त्यांच्याकडे बघता आलं नाही. मी गाडी चालवत होते.