चाखणं खाण्यात धरत नाहीत

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून शिस्त. तीस तारखेला साहेब निवृत्त होतायत आणि आमच्या बिस्कीट कारखान्यातल्या चव विभागाची मुख्य खुर्ची रिकामी होतेय. एकोणीस वर्षं त्या खुर्चीच्या शेजारी बसून काढली. आड येतंय ते फक्त पोट. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ते असं गुरगुरलं की संचालक खिडकीबाहेर बघायला लागले. शिवाय कोपरांना खाज, दुपारी डोकं जड. खुर्चीसाठी कंपनीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून आहारतज्ज्ञ बाईंना गाठलं. पद्धत सोपी आहे. गहू, दूध, अंडी, सोया, शेंगदाणे तीन आठवडे बंद. मग एकेक पदार्थ परत सुरू करायचा, गुन्हेगार आपोआप सापडतो. रोज तक्ता भरायचा. फॉर्ममध्ये व्यवसाय विचारला होता, तिथे ‘वरिष्ठ अधिकारी, खाद्य क्षेत्र’ असं लिहिलं. उगाच फाटे कशाला फोडा.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
खाल्लं: भात, उकडलेला बटाटा, पेअर.
ड्यूटी: एकेचाळीस बिस्किटं. ही खाण्यात धरलेली नाहीत. चाखणं हे काम आहे. दिवसभर रंधा मारणारा सुतार लाकूड खातो असं कोणी म्हणत नाही.
लक्षणं: पोट टम्म.
संशयित: पेअर.

३ सप्टेंबर
पेअर बंद. पूर्ण घरात बंद, समोर दिसलं की मन चळतं. बायको म्हणाली, पेअर तिला आवडतात. मी तिला समजावलं की शास्त्रात आवडीनिवडीला जागा नसते. ती म्हणाली, मग भाजीही शास्त्रालाच चिरायला सांगा.

५ सप्टेंबर
विभागात माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, चार वर्षांची नोकरी. ती बिस्कीट चावते आणि कागदी पेल्यात थुंकते. मी तिचं नाव पिकदाणी ठेवलंय. प्रशिक्षणात असंच शिकवतात म्हणे. मी गिळतो. बिस्किटाची खरी ओळख घशाखाली गेल्यावरच पटते, शिवाय थुंकणं हा मालाचा अपमान. आज तिने विचारलं, सर, तुमचा गहू बंद आहे ना? मी सांगितलं, घरी बंद आहे. तिचाही डोळा खुर्चीवर आहे, दुसरं काय.

७ सप्टेंबर, रविवार
लक्षणं: काही नाहीत. पेअरवर संशय घेतला तो बरोबरच होता. या पद्धतीसाठी मुळात बुद्धी तल्लख लागते.

८ सप्टेंबर
पोट परत टम्म. ड्यूटी बावन्न. संशयित: टोमॅटो. घरातून हद्दपार.

१२ सप्टेंबर
टोमॅटो, कांदा, कॉफी, लिंबू, सगळं बंद. घरच्यांनी नैतिक पाठिंबा म्हणून माझ्याबरोबरच जेवावं असं ठरवलं. मी ठरवलं. मुलगी दाराआड उभी राहून टोस्ट खाताना सापडली. चांगलं सुनावलं. तर मला म्हणते, बाबा, तुमच्या शर्टाला बिस्किटाचा वास येतो. हल्लीच्या मुलांना कष्टाच्या वासाची किंमत नाही.

१८ सप्टेंबर
सोमवारी कारखान्याची भट्टी बिघडली. चार दिवस विभागाला सुट्टी. आणि काय आश्चर्य, पोट शांत, खाज गायब, पट्टा एक भोक आत. रविवारपासून जेवणात काकडी घ्यायला लागलोय, तिचाच हा गुण. बायकोने विचारलं, या चार दिवसांत वेगळं काय होतं, आठवून बघा. आठवलं आणि सांगितलं, काकडी. तिने ताटं घेतली.

१९ सप्टेंबर
भट्टी सुरू. नव्या लोणी-बिस्किटांच्या चाचण्या, ड्यूटी त्र्याहत्तर. पोट, खाज, डोकं, सगळं एकदम. काकडी शिळी असणार. येताना भाजीवाल्याला चार शब्द ऐकवले. त्यानेही ऐकवले.

२२ सप्टेंबर
एक चाल खेळलो. माझे तक्ते स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवून त्यांची झेरॉक्स संचालकांच्या ऑफिसात देऊन आलो. तारीख, खाल्लं, ड्यूटी, लक्षणं, सगळे रकाने पट्टीने आखलेले. निवडीच्या वेळी माझी वैज्ञानिक दृष्टी त्यांच्या टेबलावर असावी. पिकदाणी म्हणाली, सर, आधी तुमच्या आहारतज्ज्ञांना दाखवा. चेहरा काळजीचा केला होता. पोटात दुखतंय तिच्या.

२५ सप्टेंबर
आहारतज्ज्ञ बाईंनी तक्त्यावरून बोट फिरवलं. रविवार, रविवार, रविवार आणि ते चार दिवस. मग विचारलं, ड्यूटी म्हणजे काय? मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. हे खाणं नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं, असं विचारलं. असल्या गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत, असं मी उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, ब्रेड देऊन खात्री करूच, पण मला गव्हाचाच संशय आहे. आणि तुम्हालाही तो पहिल्या आठवड्यापासूनच असणार.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिला भट्टी बिघडली तेव्हाच कळलं होतं. मग बोलली का नाहीस, असं म्हणून मी चिडलो. ती म्हणाली, बोलले होते, तुम्ही काकडी म्हणालात.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. भीती वाटते. जिभेशिवाय मला दुसरं काही येत नाही.

२६ सप्टेंबर
कंपनीच्या डॉक्टरांकडे मनाशी ठरवून गेलो होतो, गव्हाचं नाव काढायचं नाही. काढायची गरजच पडली नाही. माझे तक्ते त्यांच्या समोर पसरलेले होते. संचालकांनी पाठवले म्हणे. इतका व्यवस्थित पुरावा पेशंटने स्वतः आणून दिल्याचं ते पहिल्यांदाच बघत होते. क्षणभर बरंही वाटलं. मग त्यांनी लिहून दिलं: चव विभागात काम करण्यास अयोग्य.

३० सप्टेंबर
लक्षणं: काही नाहीत.
डबे विभागातला पहिला दिवस. झाकण नीट बसतं का ते दाबून बघायचं. बसतं.

दुपारी पिकदाणी आली. उद्यापासून मुख्य खुर्ची तिची. मला वाटलं मिरवायला आली असेल. तिने कागदातून एक बिस्कीट काढलं आणि विचारलं, सर, काहीतरी चुकतंय पण मला पकडता येत नाही, नुसता वास घेऊन सांगाल का? मी वास घेतला. लोणी जुनं होतं, चार-पाच दिवसांचं तरी. तिने लगेच लिहून घेतलं, पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. बिस्कीट अजून माझ्या हातात होतं. ते तिने हळूच काढून घेतलं, परत कागदात गुंडाळलं आणि म्हणाली, सॉरी सर, तुमच्याजवळ ठेवू नका असं सांगितलंय.