नाताळचा शर्ट आणि माझा उजवा खांदा

७ डिसें., रवि.
सहा डिसेंबरच्या अभिवादनाचे पांढरे कपडे काल सकाळपर्यंत देऊन संपले. एकोणचाळीस नग. एकही परत आला नाही. आज दुकान बंद, पाय वर करून बसलो.
दुपारी प्रज्ञाचा फोन, वाकोल्याहून. लग्नानंतरचा तिचा पहिला नाताळ. २५ ला जेवायला दोघांनी यायचंच असं तिच्या सासऱ्यांचं, म्हणजे फिलिपरावांचं सांगणं. त्यांच्याकडे त्या दिवशी सगळे सगळ्यांना काहीतरी देतात. म्हणजे आहेरच. सौ. म्हणाली, स्टीलचा डिनर सेट नेऊ. मी म्हटलं, शिंप्याच्या घरून डिनर सेट? फिलिपरावांना शर्ट शिवणार. माप न घेता.
सौ. म्हणाली, "फसलात तर?"
फसलो नाही कधी.

१० डिसें., बुध.
कापड आणलं. सुती, फिकट पिवळं, बारीक उभी रेघ. दुकानदार टेरिकॉट गळ्यात मारत होता. त्याला दोन्ही कापडं बोटांत धरायला लावून फरक दाखवला.
फि.रावांना दोनदा पाहिलंय. मे महिन्यात लग्नात आणि दिवाळीत आमच्याकडे. गळा साडेसोळा, छाती ४४, बाही आखूड हवी, हात लहान आहेत. पोट पुढे, म्हणून समोरचा भाग पाठीपेक्षा पाऊण इंच लांब. नाहीतर शर्ट पुढून वर उचलला जातो आणि माणूस दिवसभर खाली ओढत राहतो. रेडिमेडवाल्यांना हे कधी कळायचं नाही.
सांगणारे म्हणतात, डोळ्याने माप घेणं ही देणगी असते. देणगी नाही. अठ्ठावीस वर्षं रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचं माप मनात घेत चाललोय.

१८ डिसें., गुरु.
शर्ट पूर्ण. काजं सात, सगळी हाताने. खिशावर रेघेला रेघ जुळली आहे, खिसा आहे हे कळत नाही. इस्त्री करून टांगला आणि बराच वेळ बघत बसलो. शेजारचा चहावाला म्हणाला, मास्तर, नवरदेवाचा का? म्हटलं, व्याह्यांचा.
रात्री प्र.चा फोन. पप्पा, इथे सगळे जण तिथल्या तिथे उघडतात हां, सगळ्यांसमोर. बरं म्हटलं. त्यांनी माझा उघडावा, हवं तितक्या जणांसमोर.

२५ डिसें., गुरु.
आत्ताच आलो. दिवस सोन्याचा गेला, लिहून ठेवतो.
घाटकोपरहून रिक्षाने, लिंक रोडने. रस्ता मोकळा. त्यांच्या गल्लीत घरोघरी चांदण्या टांगलेल्या. फुगे म्हणजे त्यांचे तळलेले गोल पाव, चिकन, केक. सौ.ने पुरणपोळ्या नेल्या होत्या, त्या सगळ्यात आधी संपल्या.
जेवण झाल्यावर आहेर. फिलिपरावांनी कागद फाडला, शर्ट उलगडला आणि हॉलमध्येच अंगातला शर्ट काढून हा घातला. विहीणबाई आग्नेस ओरडल्या, अहो पाहुण्यांसमोर बनियनवर! पण ते बटणं लावून मोकळे. खांदा खांद्यावर. बाही जिथे थांबायला हवी तिथे. ते आरशाकडे गेले, वळले, खाली वाकले, हात वर केले. शर्ट जागचा हलला नाही.
"व्याही, टेप कधी लावली हो तुम्ही मला?"
"लावली नाही."
त्यांनी शेजारून दोन माणसं बोलावून दाखवलं. दोघांनी माझा फोन नं. घेतला. छाती माझीही ४४ झाली असेल.
मग मला एक पुडकं. निळा कागद, वर चिठ्ठी, ‘पप्पांसाठी’. एवढंच. सगळे माझ्याकडे बघत बसले. मी कपाळाला लावलं आणि पिशवीत ठेवलं. देणाऱ्यासमोर आहेर फोडायचा नाही, हे आम्हाला आईने चापट मारून शिकवलंय. हावरट दिसतं. प्र. म्हणाली, उघडा ना पप्पा. म्हटलं, घरी. ती म्हणाली, इथे चालतं. मी म्हटलं, मला नाही चालत. ती भांडी उचलून आत गेली.
जावई जोएल खालपर्यंत सोडायला आला. रिक्षा मिळेपर्यंत उगाच हसत होता.

२६ डिसें., शुक्र.
पुडकं दुकानात उघडलं. शर्ट.
शिंप्याला शर्ट. तोही दुसऱ्या शिंप्याकडून शिवून घेतलेला. लेबल नाही, म्हणजे वाकोल्यातला कोणीतरी गल्लीतला. पंचवीस वर्षांत दुसऱ्याच्या हातचा शर्ट माझ्या अंगाला लागलेला नाही. त्यांना माहीत नसेल, सोडून दिलं.
कापड चांगलं आहे, राखाडी, मऊ. बाकी:
कॉलरचं डावं टोक उजव्यापेक्षा जाड.
खिसा किंचित तिरका.
काजं मशीनची, धागे लोंबतात.
टाके कुठे बारीक, कुठे मोठे. हात बसलेला नाही.
आणि सगळ्यात मोठी चूक, उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता. अर्धा इंच! बाकीचं एक वेळ चालेल, हे कसं चालणार. शिवणाऱ्याने कापताना घडी सरळ केली नसणार.
हात स्वस्थ बसेनात. दोन्ही बाह्या उसवल्या, खांदे उसवले. उजवा पाव इंच वर घेतला, डावा पाव इंच खाली, मधोमध आणलं. डाव्याच्या शिवणीत आत वाढलेला दाब, ते जास्तीचं कापड, कापून टाकला. बाह्या परत लावल्या. दोन तास दहा मिनिटं. आता दोन्ही बाजू तराजूसारख्या. घालून बघायला वेळ नव्हता, गिऱ्हाईक उभं होतं. हँगरवर बघितला तरी कळतं.
ज्याने शिवला त्याला दाखवायला हवा होता.

२७ डिसें., शनि.
दुपारी प्र.चा फोन.
"पप्पा, बसला का?"
"आता बसेल. खांदे वाकडे होते, उसवून सरळ केले. कोणाकडून शिवलात गं? नवशिका आहे."
मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "बरं," आणि ठेवला.
सहा वाजता जोएलचा. तो इतका हळू बोलत होता की मशीन थांबवावं लागलं. शर्ट प्रज्ञाने शिवला. गणपतीनंतर सुरुवात केली. लॅबमधून येऊन रोज तासभर, आग्नेसबाईंच्या जुन्या काळ्या मशीनवर. कोणी शिकवलं म्हणून विचारलं. म्हणाला, कोणी नाही. मी लग्नात त्याला शिवून दिलेला शर्ट तिने टाका न् टाका उसवला, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून रेघा मारल्या आणि परत जोडला. तीनदा. "माझा लग्नातला शर्ट गेला पप्पा," म्हणाला, "पण ती थांबत नव्हती." बाही चार वेळा लावली. काल दिवसभर फोनची वाट बघत होती.
घरी येऊन सौ.ला सांगितलं. तिला आधीपासून माहीत. मापाला माझा जुना चौकड्याचा शर्ट हिनेच पाठवलेला. म्हणाली, "उघडून बघितला असता ना तिथे, तिचं तोंड बघूनच कळलं असतं तुम्हाला."
जेवलो नाही.

२८ डिसें., रवि.
दुकान उघडलं नाही.
मलाही कोणी शिकवलं नव्हतं. सतरा वर्षांचा होतो, जालन्याहून येऊन वर्ष झालेलं. जुन्या बाजारातून एका साहेबी माणसाचा टाकलेला शर्ट घेतला आणि ब्लेडने उसवला. एकवीस तुकडे. प्रत्येकाभोवती पेन्सिल फिरवली. परत जोडला तेव्हा बाही उलटी लागली. सात वेळा उसवला. आठव्यांदा माणसासारखा दिसला.
हे मी तिला कधीच सांगितलेलं नाही. तिला मशीनच्या पायाला पाय लावू द्यायचो नाही. तिने शिकावं, या धंद्यात पडू नये म्हणून. शिकली. लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते, चांगला पगार आहे. आणि तरी तिने तीच वाट शोधली, तिची तिने.
सौ. विचारत होती कसला विचार करताय. तीनदा उसवून पोरीला जे आलं, त्यासाठी मला सात वेळा उसवावं लागलं. हाच हिशोब करत होतो. सौ.ला सांगितलं नाही.
प्र. फोन उचलत नाही.

२९ डिसें., सोम.
सकाळी शर्ट घातला. निदान घालून फोटो तरी पाठवू म्हणून.
उजव्या काखेपाशी चोळ पडली, सैल पिशवीसारखी. डावीकडे गळ्यापासून खांद्यापर्यंत ओढ. कॉलर एका बाजूला सरकली. पुन्हा घातला. तेच. मग माझा रोजचा निळा घातला, माझ्या हातचा. उजवीकडे तीच चोळ. तिला मी गेली कित्येक वर्षं इस्त्रीची चूक समजत आलोय. इस्त्रीवाला बदललाही होता त्यासाठी.
बनियनवर आरशासमोर उभा राहिलो. सौ.ला टेप दिली. कानाच्या पाळीपासून खांद्याच्या हाडापर्यंत दोन्हीकडे मोजायला लावलं. दोनदा.
उजवा अर्धा इंच खाली.
उजव्या हाताने कापड ढकलत, त्या बाजूला वाकून इतकी वर्षं. जाणारच. सौ. म्हणाली, "दहा वर्षं झाली की त्याला. मला वाटलं तुम्हाला माहितेय."
म्हणजे मी स्वतःला कापायचो ते तिशीतल्या मापाने. शहरातल्या प्रत्येक माणसाकडे बघितलं, एकाला सोडून. आणि पोरीने बरोबर अर्धा इंच उतरवला होता. पाऊण नाही, पाव नाही. तोही टेप न लावता, कारण त्या चौकड्याच्या शर्टावरून हे कळणं शक्य नाही, तो मीच सरळ कापलेला. तिने माणूस बघून कापला.
चहावाल्याला बोलावून दाखवणार होतो. मग लक्षात आलं, दाखवायला तो खांदा आता शिल्लक नाही.

३१ डिसें., बुध.
शर्ट घेऊन दोघं वाकोल्याला. दार फिलिपरावांनी उघडलं. अंगात पिवळा शर्ट. मला बघून म्हणाले, आत जा, ती रागावलीय, आम्ही सगळे घाबरून आहोत. आणि स्वतः खाली निघून गेले.
प्र. मशीनपाशी बसली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. तुझा बरोबर होता, माझा चुकला. खांदा मोजला, अर्धा इंच भरला.
"मला माहीत होतं," म्हणाली.
"कधी बघितलंस?"
"लग्नाच्या फोटोंमध्ये. सगळ्या फोटोंत तुमचा कोट एका बाजूला उतरलाय. मला वाटलं, पप्पांना कोणीतरी बसेल असा शिवला पाहिजे ना."
मग शर्ट हातात घेऊन उजेडाकडे धरला. माझी शिलाई बघितली, बाही उलटी करून बघितली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. गिऱ्हाईकाकडे कधी असा बघत नाही.
"झकास लावलीय बाही," म्हणाली. "फक्त चुकीच्या माणसाला."
मला हसू आलं. तिला नाही आलं. तिने डावा खांदा उलटून बघितला आणि विचारलं, दाब कुठे गेला. मी म्हटलं, कापला. तिने कापड मांडीवर ठेवलं. डावीकडे आता पाव इंच वाढवायला काही नाही, हे तिला मी सांगायच्या आधी कळलं.
मी म्हटलं, दे, मी करतो, खांद्याला वेगळी पट्टी घालून...
"सांगू नका."
"अगं, साधी..."
"पप्पा. सांगू नका."
आग्नेसबाईंनी चहा आणला. मी निमूट प्यालो. निघताना पाया पडली, पण शर्ट परत दिला नाही.
रिक्षात सौ.ला म्हटलं, बघितलंस कशी बोलली? सौ. म्हणाली, तुमच्यासारखी. म्हटलं, माझ्यापेक्षा बरी.

४ जाने., रवि.
सकाळी तिचा निरोप. ‘ट्रायलला या. अकरा वाजता.’ अकरा म्हणजे अकरा, मी पावणेअकराला खाली उभा.
तिने बाह्या आणि खांदे पुन्हा उसवून ठेवले होते. मला खिडकीपाशी उभं केलं, आरशाकडे पाठ करून. आयुष्यात पहिल्यांदा ट्रायल दिली. कोणी असं अंगाभोवती फिरतं तेव्हा हात कुठे ठेवायचे हेही कळत नाही, गिऱ्हाइकं अवघडतात ती का ते आज समजलं. जोएलने टाचण्यांची डबी धरली होती. फिलिपराव दारात उभे राहून शेजाऱ्याला सांगत होते, ही आमची सून, हे तिचे वडील, हे पण शिवतात.
हे पण.
राग यायला हवा होता.
तिने टेप लावली नाही. एक पाऊल मागे गेली, एक डोळा बारीक केला, पुन्हा पुढे आली आणि खडूने डाव्या खांद्यावर खूण केली. खूण जागेवर होती. मी न बघता सांगू शकतो, बोट कुठे टेकलं ते कळतं. पण त्या खुणेपर्यंत कापड पोचायला पाव इंच कमी आहे, आणि राखाडी कापड तिच्याकडे उरलेलं नाही. दुकानात तो रंग संपला असं जोएल म्हणाला. गळ्यातून घेता येईल, पण मग गळा घट्ट. पाठीतून घेतलं तर घेर जाईल. तिसरा एक मार्ग मला सुचतोय. तोंड दाबून, दोन्ही खांदे ताठ सरळ धरून उभा राहिलो.
शेवटी राहवलं नाही. विचारलं, पुरेल का गं?
तोंडात टाचणी होती, ती काढून म्हणाली, "तुम्ही सरळ उभे राहू नका. जसे उभे राहता तसे राहा."