अजून बरीच सालं

ठमे,

संत्र्याच्या सालीतला अर्क तुमच्या प्रयोगशाळेत प्रोस्टेटच्या कॅन्सरवर चालतोय, हे बाबांना सांगायची एवढी काय घाई होती गं? वर म्हणालीस, "औषध व्हायला अजून बरीच सालं लागतील."

तू वर्षं म्हणत होतीस. हे तेव्हापासून ज्यूसवाल्याकडून पोतंभर सालं आणून माझ्या पलंगावर वाळवतात. मी जमिनीवर झोपते.

आज डॉक्टर म्हणाले, आजार हाडांत पसरलाय. घरी येताना जिन्यात धापा टाकत हे म्हणाले, "ठमीला कळव, सालं कमी पडू देणार नाही."

हे पत्र मी टाकणार नाही. तू लगेच फोन करून त्यांना खरा अर्थ समजावशील. मग ते विचारतील, "माझ्याकडे किती आहेत?"

तुझी,
आई