खडकाने धरलेला रांजण

ओकिनोएराबू, ८ एप्रिल

चि. हात्सु हिस,
अ. आ. वि. वि. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला बसलो की शब्द जुळत नाहीत, आणि माझी शाळा ती केवढी.

तुझी सायो पोचली. आपल्या आईच्या अस्थींचा रांजण कोबेला न्यायला आलेली पोर, पण आधी बेट दाखवा म्हणून हटून बसली. खडकाच्या भोकातून उसळणारा समुद्र दाखवला तर चिंब भिजली, वर म्हणते मामांनी मुद्दाम तिथे उभे केले. मग रांजण ठेवलेल्या आपल्या गुहेकडे निघालो. घसरशील, डोके सांभाळ, असे मी वाटभर सांगत होतो. ती म्हणाली, मामा, गुहेपेक्षा तुम्हीच जास्त ठिबकता.

आत गेलो आणि पाहतो तर काय! रांजणाचा दगड झाला आहे. वरून ठिबकणाऱ्या चुन्याच्या पाण्याने झाकण लिंपून टाकले आहे, बूड खडकाला चिकटले आहे. गुडघे गेल्यापासून मी गुहेच्या तोंडाशीच हात जोडून परततो, त्यामुळे कळलेच नाही. सायोने जोर लावला, तसूभर हलला नाही. दुसऱ्या दिवशी पाथरवटाला नेऊन दाखवले.

पाथरवट म्हणतो, छिन्नी लावली तर रांजण फुटेल, आतले काही शाबूत राहील याची हमी नाही. बेटाच्या रीतीप्रमाणे तू स्वतः समुद्राच्या पाण्याने धुऊन भरलेल्या त्या अस्थी. तुला बोट सोसत नाही, म्हणून आई तिकडे जवळ हवी, हे मला कळते. फोडू की नको? डोळ्याला डोळा लागत नाही.
तुझा दादा,
तोकुझो

कोबे, १९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. सायो परत आली, तिच्या तोंडून ऐकले तेव्हा खरे वाटले नव्हते. तुझे पत्र वाचले आणि जागच्या जागी बसले. आईला जिवंतपणी तरी कोण हलवू शकले होते? बाबा म्हणायचे, हिला उठवायला भूकंपच लागेल.

पाथरवटाला घरी पाठव. इथली नवी कबर बांधून तयार आहे, पण आई नसताना तिथे मी एकटी काय करू? तुला सांगितले नव्हते, डॉक्टर पावसाळ्यापुढचे बोलत नाहीत. तेव्हा माझ्या अस्थी घेऊन सायोच तिकडे येईल. आईशेजारी, पाणी ठिबकते तिथेच ठेव. तुला ओलीची धास्ती, कोरडा कोपरा शोधशील, म्हणून आधीच लिहिते.

आईला खडकाने धरले, तसाच तू लोभ धर.
तुझी हात्सु

ओकिनोएराबू, २८ एप्रिल

चि. हात्सु हिस,
अ. आ. वि. वि. पत्र हातातून गळाले, ते उचलायचे भान संध्याकाळी आले. सायो इथे राहिली, हसली, जेवली, आणि तुझ्या दुखण्याचा एक शब्द काढला नाही.

मी थोरला, आईशेजारची जागा माझी. पाणी भरताना रांगेत पुढे घुसायची तुझी खोड अजून गेली नाही. तरी काल दोर धरून आत गेलो. आईच्या डाव्या अंगाचा खडक पंच्याने पुसला, तर लगेच पुन्हा ओला झाला. जागा आहे. पण तू घाई करू नकोस.

शेतातल्या लिलीच्या कळ्या टोपलीभर पाठवतो आहे. त्या उमलल्या की तुझ्या हाताने दोन ओळी लिही. सायोच्या हातच्या नकोत. टपालाच्या बोटीकडे डोळे लावून बसतो, लवकर लिही.
तुझा दादा,
तोकुझो